हवेत वाढलेला बटाटा चालेल का, आजी?



गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास मी फ्लोरिडात लेकीकडे होते. नातीच्या शाळेला एक दिवस सुट्टी मिळाली, तेव्हा लेक आणि जावई आम्हाला ऑर्लँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधल्या एपकॉटला घेऊन गेले. तिथल्या पाळण्यांचं आणि रोषणाईचं वर्णन करायला मी बसलेली नाही, तसे व्हिडिओ तुम्ही भरपूर पाहिले असतील. त्या दिवशी एका होडीत माझ्या दहा वर्षांच्या नातीने मला एक प्रश्न विचारला. मी तो टाळला. आणि दिवस मावळायच्या आत मला कळलं, की हाच प्रश्न मी बऱ्याच वर्षांपूर्वी तिच्या आईच्या बाबतीतही टाळला होता. त्याबद्दल लिहायचं आहे.

आधी जागा थोडी सांगते. एपकॉट 1 ऑक्टोबर 1982 ला सुरू झालं. त्याच्या एका भागात विज्ञान, शेती, समुद्र, अवकाश अशा विषयांची दालनं आहेत. दुसऱ्या भागात एक मोठं तळं आहे आणि त्याच्या काठाने 11 देशांची दालनं उभी आहेत: मेक्सिको, नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली, अमेरिका, जपान, मोरोक्को, फ्रान्स, इंग्लंड आणि कॅनडा. पूर्ण फेरी साधारण दोन किलोमीटरची. दरवर्षी त्या दिवसांत तिथे आंतरराष्ट्रीय खाद्यमहोत्सव भरतो. तळ्याच्या काठाने छोट्या टपऱ्या लागतात आणि प्रत्येक टपरीवर त्या त्या देशाचे पदार्थ लहान लहान बशांत मिळतात. लोक दोन घास इथे, दोन घास तिथे असं खात फिरतात. मुलांच्या हातात पासपोर्टसारखी एक पुस्तिका असते, कुठे काय खाल्लं याची त्यात नोंद करायची.

या महोत्सवाच्या नावातच वाइन आहे. इकडे परत आल्यावर आमच्या महिला मंडळातल्या एकीने मला सरळ विचारलं, "ताई, चातुर्मासात तुम्ही दारूच्या जत्रेत गेलात?" प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं: मी गेले नसते तरी माझी नात जाणारच होती. शाळेची सहल, मैत्रिणींचे वाढदिवस, आज ना उद्या ती अशा ठिकाणी उभी राहणार आहे, आणि तेव्हा मी शेजारी नसेन. मग पहिल्यांदा ती तिथे माझं बोट धरून उभी राहिली तर बिघडलं कुठे? बाजारात गेल्याने नियम मोडत नाही. नियम घेतल्याशिवाय बाजारात गेलं, की मग मन प्रत्येक टपरीवर नव्याने वाद घालत बसतं.

म्हणून सकाळी निघण्याआधीच आम्ही ठरवून घेतलं. बारा तपांपैकी वृत्तिपरिसंख्यान आपण सगळ्याजणी तोंडपाठ म्हणतो. मुनिराज आहाराला निघण्यापूर्वी मनाशी विधी घेतात, अमुक मिळालं तरच आहार, इतक्याच घरी जायचं. आपल्यासाठी त्याची धाकटी बहीण म्हणजे भोगोपभोगपरिमाण व्रत. मी नातीला म्हटलं, "आज आपणही परिमाण ठरवू." तिने वहीत तीन नियम लिहिले. विकत घ्यायचं ते पाचच वस्तू. खायचं ते बसून. आणि जे काही खायचं ते सूर्यास्ताच्या आत. त्या दिवसांत तिथे सातच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे घाई नव्हती. बरोबर डबा होताच: बिनकांद्याची थालीपीठं, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कच्च्या केळ्याचे वेफर्स आणि गाळलेल्या पाण्याच्या बाटल्या. ज्यांचं जाणं होईल त्यांच्यासाठी सांगते, तिथे घरचं खाणं आत नेता येतं. फक्त काचेची भांडी आणि दारू नेता येत नाही.

सकाळी पहिल्यांदा आम्ही त्या होडीत बसलो. लिव्हिंग विथ द लँड असं तिचं नाव. भूमीच्या दालनात एका अरुंद कालव्यातून होडी संथ जाते, सगळी मिळून पंधराएक मिनिटं. सुरुवातीला वादळ, पावसाळी जंगल, वाळवंट, अमेरिकेतला गवताळ माळ आणि शेतकऱ्याचं घर असे देखावे लागतात. ते संपले की होडी खऱ्याखुऱ्या काचघरांत शिरते. केळी, पपई, फणस. त्या परक्या देशात काचेखाली फणस लटकलेला पाहून मला हसूच आलं. पुढे टोमॅटोचं असं झाड की त्याचा मांडव घातलेला. याच जातीच्या एका झाडाने एका वर्षात 32,000 हून अधिक टोमॅटो दिल्याचा विक्रम तिथे झालेला आहे. भोपळे साच्यात वाढवून त्यांना मिकीच्या तोंडाचा आकार देतात. मधेच माशांची टाकी लागते. इथली भाजी आणि मासे इथल्याच उपाहारगृहांत वापरतात, असं होडीतला आवाज सांगतो. ते ऐकल्यावर नातीने माझा हात घट्ट धरला. काही बोलली नाही.

मग शेवटचं काचघर आलं. तिथे माती नाहीच. झाडं वर टांगलेली, एका साखळीवरून हळूहळू पुढे सरकणारी, आणि त्यांची मुळं खाली हवेत मोकळी लोंबत असलेली. त्या मुळांवर अन्नद्रव्यांचं पाणी फवारतात. पांढरी स्वच्छ मुळं, केसांसारखी. आयुष्यभर शेताच्या कडेला राहिले, पण जिवंत झाडाचं मूळ असं उघडं मी कधी पाहिलं नव्हतं.

नात बघत होती. मग म्हणाली, "आजी, इथे माती नाही. म्हणजे किडे पण नाहीत. मग असा हवेत वाढवलेला बटाटा आपल्याला चालेल का?"

मैत्रिणींनो, प्रश्न किती सरळ आहे बघा. आणि तो काही परदेशातलाच नाही. आपल्या सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने बियाण्याचे बटाटे अशाच पद्धतीने हवेत वाढवण्याचं तंत्र विकसित केलं आहे. उद्या कोल्हापूरच्या, सांगलीच्या, बेळगावच्या घरातही कुणी लेकरू हेच विचारेल.

मी काय म्हणाले? "आपल्यात चालत नाही, बाळा." आणि वर, "ते बघ, भोपळा बघ."

भोपळा मागे पडला होता. ती काही बोलली नाही.

अकरानंतर देशांची दालनं उघडली आणि आम्ही तळ्याची फेरी सुरू केली. नातीने पुस्तिका उघडून मेक्सिकोपासून वाचायला घेतलं. तिथल्या याद्यांत काही पदार्थांपुढे पानाचं चिन्ह असतं. त्याचा अर्थ मांस, मासे, अंडी, दूध, मध यांतलं काही नाही. आपल्याकडच्या पुष्कळजणी ते पान पाहून निर्धास्त होतात. पण पानाच्या मागे कांदा असू शकतो, लसूण, बटाटा, गाजर, मशरूम असू शकतं, वाइन घातलेला रस्साही असू शकतो. तेव्हा विचारणं चुकत नाही.

विचारण्याबद्दल मला एक स्पष्ट बोलायचं आहे. परदेशी राहणाऱ्या आपल्या मुली मुलांना शिकवतात, "ॲलर्जी आहे म्हणून सांग, म्हणजे ते नीट ऐकतात." माझी लेकही तेच सांगणार होती. मी तिला थांबवलं. ज्याला खरोखर शेंगदाण्याची किंवा दुधाची ॲलर्जी असते त्याच्यासाठी स्वयंपाकघरात हातमोजे बदलतात, भांडी वेगळी काढतात. तो जिवाचा प्रश्न असतो. आपण खोटी ॲलर्जी सांगून त्या माणसांना पळवतो आणि मुलांना शिकवतो, की अहिंसा पाळायला असत्य बोललं तरी चालतं. पाच अणुव्रतांतलं एक राखायला दुसरं मोडायचं? त्यापेक्षा नावं घेऊन विचारावं: यात कांदा आहे का, बटाटा आहे का, अंडं आहे का, जिलेटिन आहे का. "मी धर्मासाठी खात नाही" एवढं म्हणावं. आम्हाला प्रत्येक ठिकाणी सरळ उत्तर मिळालं. दोन ठिकाणी तर "हे तुम्ही घेऊ नका" असं त्यांनीच सांगितलं. विचारणं म्हणजे भीक मागणं नव्हे, आणि हक्क गाजवणंही नव्हे.

तर पाचांपैकी चार वस्तू झाल्या. मेक्सिकोत नुसते मक्याचे चिप्स. जर्मनीत कॅरॅमल लावलेल्या मक्याच्या लाह्या. एके ठिकाणी कापलेली फळं. आणि जपानच्या दालनात किसलेल्या बर्फावर सरबत घातलेला गोळा. बर्फ मी खात नाही, पण नातीने आणि जावयांनी खाल्ला. बाकी पोट भरलं ते थालीपिठाने. एका बाकावर बसून डबा उघडला तेव्हा शेजारची एक बाई वाकून वाकून बघत होती. लेकीने तिला एक दशमी दिली. तिच्या दृष्टीने बारावा देश आमच्या डब्यात होता.

सगळं छान चाललं होतं. पण नात दुपारभर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होती. एका टपरीवर तिच्याएवढ्या मुलीच्या हातात बटाट्याच्या तळलेल्या काड्या होत्या. त्यांच्याकडे ती पाहत राहिली. हट्ट केला नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

सूर्यास्ताला अर्धा तास असताना आम्ही शेवटचं पाणी प्यायला तळ्याकाठी बसलो. जावई आणि नात पुढे पुलावर गेले. लेक माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "आई, सकाळी तिला तू जे उत्तर दिलंस ना, तेच मला दिलं होतंस."

मला आठवेना.

"मी नववीत होते. बाईंनी शिकवलं होतं की बटाटा मूळ नाही, खोड आहे. मी घरी येऊन विचारलं, मग आपण तो मूळ म्हणून का सोडतो? तू पोळ्या करत होतीस. म्हणालीस, आपल्यात चालत नाही. जास्त शहाणपणा करू नकोस." मग थोडं थांबून ती म्हणाली, "कॉलेजला पुण्याला गेले त्या पहिल्या महिन्यात मी वडापाव खाल्ला. मोह झाला म्हणून नाही. मला वाटलं, कारणच नाहीये. असतं तर आईने सांगितलं असतं."

किती वर्षं तिने हे मला सांगितलं नव्हतं. माझ्या घरी येते तेव्हा ती माझ्या ताटातलंच जेवते. मी समजत होते, संस्कार टिकले.

त्या बाकावर मला राग आला असता तर सोपं झालं असतं. पण राग कुणावर धरणार? पोरीने प्रश्न विचारला होता आणि मी पोळी उलटत होते.

रात्री घरी परतल्यावर मी झोपले नाही. आपण मुलांना कंदमुळाचं काय कारण सांगतो, ते आठवत बसले. बहुतेक घरांत दोन कारणं सांगतात. एक, मातीत जीव असतात, बटाटा उपटताना ते मरतात. दोन, मूळ उपटलं की सगळं झाडच मरतं. दोन्ही कारणं खोटी नाहीत. पण ती अर्धी आहेत, आणि अर्धं कारण कुठेतरी तुटतं. आपण शेतकरी घरातल्या बायका, आपल्याला ठाऊक आहे की बटाट्याचा पाला काढणीपूर्वी सुकायलाच लागतो. आणि हवेत वाढवलेल्या बटाट्याला तर माती नाहीच, शिवाय झाड जिवंत ठेवून एकेक बटाटा पुन्हा पुन्हा काढता येतो. म्हणजे काचघरात शिरताक्षणी आपली दोन्ही कारणं गळून पडली. दहा वर्षांच्या मुलीने ते पाच मिनिटांत ओळखलं.

मूळ कारण वेगळं आहे. ते बटाट्याच्या भोवतालच्या मातीत नसून खुद्द बटाट्यात आहे. आपल्या शास्त्रात वनस्पतीचे प्रत्येक आणि साधारण असे भेद आहेत. प्रत्येक वनस्पतीत एका शरीराचा एक स्वामी. साधारण वनस्पतीत एकाच शरीराच्या आश्रयाने अनंत जीव. म्हणून तिला अनंतकाय म्हणतात. ती ओळखायची लक्षणंही सांगितली आहेत. तोडलं तर सपाट तुटतं, शिरा आणि धागे दिसत नाहीत, कापलेला तुकडा पुन्हा उगवतो. बटाटा हातात घेऊन बघा. त्याच्यावर डोळे असतात. एक डोळा ठेवून तुकडा लावला तरी नवीन झाड येतं, शेतकरी लागवड तशीच करतात. टोमॅटोची फोड कापून लावली तर तसं झाड येत नाही, त्यातलं बी लागतं.

आणखी एक गंमत. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात ज्यात फळ थोडं आणि घात फार अशा वस्तू सोडायला सांगितलं आहे. त्यात ओलं आलं आहे, लोणी आहे. बटाटा नाही. कसा असेल? बटाटा दक्षिण अमेरिकेतला, तो युरोपच्या व्यापाऱ्यांबरोबर कित्येक शतकांनंतर आपल्याकडे आला. त्याच दिशेने मिरची आली, टोमॅटो आला, मका आला, पेरू आणि पपईही आली. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांपुढेही एकदा परदेशी खाद्याची जत्रा भरलीच होती. त्यांनी काय केलं? परदेशी म्हणून सगळं नाकारलं नाही, आणि नवीन म्हणून सगळं घेतलंही नाही. एकेक वस्तू हातात घेऊन लक्षणांवर तपासली. मिरचीला हो म्हटलं, बटाट्याला नाही म्हटलं. "आपल्यात चालत नाही" हे वाक्य आज आपल्याकडे उत्तर म्हणून येतं, पण तेव्हा ते विचार करून काढलेलं होतं. आपण उत्तर जपलं आणि विचार हरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शन झाल्यावर मी नातीला स्वयंपाकघरात बसवलं आणि म्हटलं, "काल मी तुला नीट उत्तर दिलं नाही. माझं चुकलं." मग वरचं सगळं तिच्या भाषेत सांगितलं. तिला हेही सांगितलं की ते अनंत जीव सूक्ष्मदर्शकात दिसणार नाहीत. ही केवलज्ञानींनी सांगितलेली गोष्ट आहे आणि आपण ती श्रद्धेने मानतो. विज्ञानाचं नाव घेऊन श्रद्धेची बाजू भक्कम करायची सवय आपण सोडली पाहिजे. एक दिवस विज्ञानाचा तपशील बदलतो आणि मुलांना वाटतं, सगळंच खोटं होतं. श्रद्धेची गोष्ट श्रद्धेची म्हणूनच सांगावी. मुलं तेवढी समजदार असतात.

तिने लगेच प्रश्नांची फैर झाडली. शेंगदाणा जमिनीत येतो, तो का चालतो? म्हटलं, फूल वर लागतं आणि त्याची दांडी जमिनीत शिरते. शेंग म्हणजे फळ, दाणा म्हणजे बी. हळद आणि सुंठ? म्हटलं, ती वाळून अचित्त होते आणि आपण ती चिमूटभर वापरतो. आणि मग, "आजी, लोणी पण त्या लिस्टमध्ये आहे म्हणालीस. मग लाह्यांवरच्या कॅरॅमलमध्ये बटर होतं त्याचं काय?"

मी गप्प झाले. आपल्या किती घरांत बटाट्याचं नाव काढू देत नाहीत, पण बिनबटाट्याच्या पावभाजीवर विकतच्या लोण्याचा गोळा तरंगत असतो? मी तिला म्हटलं, "तू बरोबर आहेस. त्याचा विचार आता मलाही करावा लागेल." त्या दिवसापासून माझ्या फ्रिजमध्ये विकतचं लोणी नाही. मुलांना कारणं सांगायला लागलं की ती कारणं आपल्याकडेही बोट दाखवतात, ही त्यातली अडचण. आपण कारणं सांगायचं टाळतो, त्यामागे हेही असेल का?

तिच्या या प्रश्नांनी मलाही एक गोष्ट स्पष्ट झाली, ती तुमच्यापुढे ठेवते. आपले सगळे नियम एका जातीचे नाहीत. काही नियमांचं कारण वस्तूतच असतं, जसं कंदमूळ. ते मातीत वाढो, पाण्यात वाढो, हवेत वाढो, फरक पडत नाही. काही नियमांचं कारण परिस्थितीत असतं. चातुर्मासात मी पालेभाजी सोडते, कारण पावसाळ्यात पानांवर त्रस जीव फार. त्या काचघरात बंदिस्त वाढलेल्या कोवळ्या सॅलडच्या पानांवर तेवढे जीव नसतील, हे मी मोकळेपणाने मान्य करते. पण तरी मी ती खाल्ली नाही, कारण तिसऱ्या जातीचा नियम असतो, तो म्हणजे घेतलेला नियम. मी चार महिन्यांसाठी शब्द दिला होता, आणि सवलत शोधत बसलं की शब्द हलका होतो. वस्तूचं कारण, परिस्थितीचं कारण आणि आपल्या शब्दाचं कारण. मुलांना सांगताना या तिन्हींची भेळ करू नये. "चालत नाही" या एकाच डब्यात आपण तिन्ही कोंबतो, आणि एकाचं झाकण उडालं की तिन्ही सांडतात.

त्या होडीबद्दल जावयांनी मला नंतर एक माहिती सांगितली. पूर्वी प्रत्येक होडीत पुढच्या बाजूला एक माणूस उभा असायचा. तो काचघरं दाखवत बोलायचा, लोकांनी विचारलं तर उत्तर द्यायचा. 2006 च्या सुमारास ती माणसं गेली आणि ध्वनिमुद्रित आवाज आला. आवाज गोड आहे, माहिती चोख आहे. पण नातीने होडीत प्रश्न विचारला तेव्हा तो आवाज पुढचं वाक्य बोलत राहिला. मी तरी त्याच्याहून वेगळं काय केलं? तिच्या आईच्या नववीतलं वाक्यच पुन्हा वाजवलं.

आपल्या आईने, सासूने आपल्याला कारण न सांगता शिकवलं आणि आपण पाळलं, हे खरं आहे. पण आपल्या भोवती सगळं गाव तेच पाळत होतं. गल्लीत बटाटेवडा नव्हता, बस्तीचं दर्शन रोजचं होतं, सूर्य मावळला की शेजारच्या घरातलीही चूल विझलेली असायची. आपल्याला कारण लागलं नाही, कारण सगळं गावच नियम होऊन आपल्या भोवती उभं होतं. आपल्या नातवंडांभोवती अकरा देशांच्या टपऱ्या आहेत. ती फ्लोरिडात असोत की पुण्याच्या मॉलमध्ये. त्यांच्याजवळ नियम टिकायचा तर तो कारणासकट त्यांच्या हातात द्यावा लागेल.

आता खरं खरं सांगते. माझ्या या सगळ्या बोलण्याने लेकीने बटाटा सोडला का? नाही. ती म्हणाली, "आई, विचार करते." मी पुन्हा विषय काढला नाही. नातीने मात्र तिच्या त्या पुस्तिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहिलं, की महावीर निर्वाणापर्यंत, म्हणजे दिवाळीपर्यंत, ती बटाटा खाणार नाही आणि मग परत ठरवेल. मी तिला "कायमचं लिही" म्हटलं नाही. जिभेवर होतं, पण गिळलं. दिवाळीच्या दिवशी निर्वाण लाडू चढवून झाल्यावर तिचा फोन आला. म्हणाली, "आजी, मी पर्युषणापर्यंत वाढवलंय." एवढंच. मग शाळेतलं काहीतरी सांगत बसली.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात कुणी असा प्रश्न विचारला तर हातातली पोळी तव्यावरून उतरवा, गॅस बंद करा आणि बसा. उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही, आपण महाराजांना, माताजींना विचारू" असं म्हणा. त्यात कमीपणा नाही. पोळी गार झाली तरी चालेल. माझी त्या दिवशी गरम राहिली होती, आणि तिची किंमत मला बऱ्याच वर्षांनी एका तळ्याकाठी कळली.

तुमच्याकडे मुलांनी विचारलेला आणि तुम्हाला अडलेला प्रश्न कोणता? जरूर कळवा. पुढच्या लेखात हळद-सुंठीबद्दल सविस्तर लिहिते, तो प्रश्न बऱ्याचजणींचा आहे.

जय जिनेंद्र.